जुना ट्रॅक्टर पारखताना

गेल्या वर्षी आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्याच्या सुमारास एक पालक शाळा सुटता सुटता आमच्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी काही कागद आणले होते. सीमेपलीकडच्या एका गावी त्यांनी एक जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाहून ठेवला होता व दुसऱ्याच दिवशी इसार द्यावयाचा होता. घरातील दागिने गहाण ठेवून आणि एका नातलगाकडून उसने घेऊन रक्कम जमविली होती. "सर, ट्रॅक्टर तं मी पायला, कागद तुमी पाहून घ्या जी," असे म्हणून त्यांनी ती पिशवी आमच्या टेबलावर ठेवली.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रातले आम्हाला फारसे कळत नाही. परंतु लिहिलेले वाचता येते, आणि वाचता वाचता दोन गोष्टी ध्यानात आल्या. नोंदणीच्या पुस्तकात बँकेच्या कर्जाची नोंद अद्याप तशीच होती. आणि एका राज्यातील वाहन दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी जे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, ते त्या कागदांत नव्हते. आम्ही त्यांना इसार एक दिवस थांबविण्याची विनंती केली. त्या एका दिवसाचे पुढे चार महिने झाले. त्या काळात आम्ही, ते पालक, त्यांचा नववीत शिकणारा मुलगा आणि गावातील एक वयोवृद्ध मिस्त्री अशा चौघांनी अनेक जुने ट्रॅक्टर पाहिले. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

बैलाची पारख आणि यंत्राची पारख

आपल्या भागात पोळ्याचे महत्त्व कोणास सांगावयास नको. ज्या घरात बैल आहेत, तेथील आजोबांना विचारून पाहावे की ते बैल कसा पारखीत. ते दात पाहून वय ओळखीत, खूर व खांदा तपासीत, चाल न्याहाळीत. परंतु एवढ्यावर ते थांबत नसत. शेवटी ते बैलाला भरल्या गाडीला जुंपून पाहत, कारण मोकळ्या मैदानात सगळेच बैल डौलदार दिसतात. आमच्या मूळ गावी, कोकण किनाऱ्यावर, जुनी होडी घेणारा माणूसही ती पाण्याबाहेर ओढून तिचा तळ पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढीत नाही. वस्तू जे काम करणार, त्याच कामात तिची परीक्षा घ्यावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

'ट्रॅक्टर' हा शब्द 'ओढणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. १८९२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक यांनी पेट्रोलच्या इंजिनावर मागेपुढे चालणारे ओढयंत्र तयार केले. भारतात पूर्णपणे जोडलेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरीदाबाद येथील आयशर कारखान्यातून बाहेर पडला. आज तर आपल्या शेजारी, नागपूरलगतच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतही ट्रॅक्टर तयार होतात. बैलाची जागा यंत्राने घेतली. परंतु आजोबांची पारख मात्र अनेक घरांत बैलाबरोबरच गोठ्यातून निघून गेली. नवा रंग आणि चकचकीत सायलेन्सर पाहून सौदा ठरविणारे लोक आम्ही या चार महिन्यांत पाहिले. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण त्यांच्यासाठीच असावी.

पहिला प्रश्न : काम कोणते?

ट्रॅक्टर पाहण्याआधी स्वतःस विचारावयाचा प्रश्न हा की, त्याच्याकडून काम कोणते घ्यावयाचे आहे. संत्र्याच्या बागेत दोन ओळींमध्ये फिरून फवारणी व मशागत करावयाची असेल, तर लहान आणि अरुंद ट्रॅक्टर सोयीचा. त्याचे वजन पुष्कळदा एक टनाच्या आसपासच असते. परंतु तोच ट्रॅक्टर भरलेली मोठी ट्रॉली घेऊन उतारावर निघाला, तर ट्रॉली त्याच्या मागून येत नाही; ती त्याला पुढे ढकलते. उलट, ट्रॉलीसाठी घेतलेला मोठा ट्रॅक्टर झाडांच्या फांद्या मोडतो. आपल्या पालकांचे मुख्य काम बागेतून रस्त्यापर्यंत आणि रस्त्याने पांढुर्ण्याच्या बाजारापर्यंत माल नेण्याचे होते. म्हणून ओढीचा विचार आम्ही प्रथम केला.

ओढीचे गणित

विक्रेता नेहमी अश्वशक्तीचा आकडा सांगतो. "पस्तीसचा आहे," "पन्नासचा आहे," असे म्हटले की ऐकणारा गप्प बसतो. परंतु ओढीत तीन गोष्टींचा संबंध येतो : ओझे, चढ आणि चाकांची पकड. नववीच्या त्या मुलाने आमच्या फळ्यावर जो ढोबळ हिशेब मांडला, तो असा.

ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो, रिकाम्या ट्रॉलीचे १,५०० किलो व मालाचे ४,५०० किलो धरू. एकूण ८,००० किलो. डांबरी रस्त्यावर चाके नुसती फिरती ठेवण्यासाठी वजनाच्या सुमारे शेकडा २ इतकी ओढ लागते. म्हणजे १६० किलो. आता २० मीटर अंतरात १ मीटर उंची गाठणारा चढ आला, तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे ४०० किलो, त्यात मिळवावा लागतो. एकूण ओढ ५६० किलो झाली.

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याचे सामर्थ्य. तासी १० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २.७८ मीटर. ५६० ला २.७८ ने गुणून ७५ ने भागले की सुमारे २१ अश्वशक्ती येते. तासी २० किलोमीटरने तोच चढ चढावयाचा तर ४२ अश्वशक्ती हवी. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचताना गिअर वगैरेंत काही भाग खर्ची पडतो. तो पाचवा हिस्सा धरला, तर ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची २८ च चाकाशी उरते. म्हणजे हा ट्रॅक्टर तो चढ तासी १० किलोमीटरने सहज चढेल, २० ने मात्र चढणार नाही. चढापूर्वीच खालचा गिअर का टाकावा, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

आता चाकांची पकड पाहू. इंजिन कितीही बलवान असले, तरी ते जमिनीला ढकलते ते मागच्या चाकांमधूनच. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर १,३०० किलो भार आहे असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याच्या शेकडा ६० इतकी पकड धरली, तर ७८० किलो ओढ मिळते. ती ५६० पेक्षा अधिक आहे, तेव्हा चिंता नाही. परंतु पावसात भिजलेल्या काळ्या मातीत पकड शेकडा ३० वर येते, म्हणजे ३९० किलो. आणि चाक मातीत रुतत असल्यामुळे सपाटीवरही वजनाच्या शेकडा १० इतकी, म्हणजे ८०० किलो ओढ लागते. मग अश्वशक्ती ३५ असो की १००, चाक जागच्या जागी फिरत राहते आणि खड्डा खोल होत जातो. अशा वेळी इंजिनाला दोष देणे व्यर्थ आहे. मालाच्या दोन खेपा कराव्यात, किंवा वाट सुकेपर्यंत थांबावे, हाच शहाणपणा.

म्हणून ओढीसाठी ट्रॅक्टर निवडताना अश्वशक्तीइतकेच त्याचे वजन आणि मागच्या टायरांची स्थिती महत्त्वाची असते. टायरांवरील उंचवटे झिजून सपाट झाले असतील, तर चिखलात पकड उरत नाही. आणि नव्या टायरांचा खर्च सौद्याच्या किमतीत मोजलाच पाहिजे.

उताराचे गणित

चढाला ट्रॅक्टर अडला तर फार तर खोळंबा होतो. उतारावर तो अडला नाही तर माणसे मरतात. म्हणून आमच्या मिस्त्रींचे सांगणे असे की, ट्रॅक्टर किती ओढतो हे नंतर विचारा, किती थांबवितो हे आधी विचारा.

पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा ८,००० किलोंचा सारा लोंढा थांबविण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येऊन पडते. वरच्याच उतारावर, कोरड्या रस्त्यावर, तासी २० किलोमीटर वेगाने एकटा ट्रॅक्टर सुमारे साडेचार मीटरांत थांबू शकतो. अर्धा माल भरलेल्या ट्रॉलीसह त्याला १५ मीटर लागतात. पूर्ण माल भरला, तर सुमारे २३ मीटर. आणि वेग दुप्पट, म्हणजे ४० किलोमीटर केला, तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते : ९० मीटरांहून अधिक. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर काटले जाते, ते यात धरलेलेच नाही. हा हिशेब पुरा झाला तेव्हा त्या मुलाने खडू खाली ठेवला आणि नाल्याच्या उतारापासून शाळेच्या फाटकापर्यंत किती मीटर होतात, ते पावलांनी मोजावयास तो बाहेर गेला.

यावरून काही नियम आपोआप निघतात. ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनाचा लगाम आपण होऊन सोडून देणे होय. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. परंतु रस्त्यावर येताच दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडलेच पाहिजेत. वेगात एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. तसेच वळणावर एकाएकी ब्रेक दाबला, तर मागची ट्रॉली कातरीच्या पात्यासारखी वळून ट्रॅक्टरला आडवे पाडते.

आणखी एक धोका हुकाच्या उंचीचा. ट्रॉली नेहमी खालच्या ठरलेल्या हुकालाच जोडावी. ओढ मागच्या आसाच्या वरून घेतली, तर ती ओढच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते आणि तो चालकावर पालथा होतो. अवजार जोडण्याची जी तीन दांड्यांची पद्धत आज सर्वत्र दिसते, ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरबरोबर ती दूरवर पसरली. नांगर अडला असता ट्रॅक्टर पालथा होऊ नये, हाही तिच्यामागील एक हेतू होता. परंतु ती व्यवस्था अवजारासाठी आहे. तिच्या वरच्या दांडीला ट्रॉली बांधणे म्हणजे शहाण्या माणसाच्या शोधाचा वेड्यासारखा उपयोग करणे होय.

प्रत्यक्ष पाहणी

ट्रॅक्टर पाहावयास सकाळी जावे आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून पाहावा. ते गरम असेल, तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजावे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, यावरून बॅटरी, पंप आणि इंजिनाचा दम कळतो.

मग धूर पाहावा. सुरू करताना थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर इंजिन स्वतःचे ऑइल जाळीत आहे, म्हणजे आतील रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. पांढरा धूर थांबतच नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरत आहे. ऑइल दुधाळ दिसले, अथवा थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग आढळला, तर पुढे न जाता नमस्कार करून परतावे.

ट्रॅक्टर किती चालला, हे किलोमीटरवरून नव्हे, तर तासांच्या घड्याळावरून मोजतात. परंतु घड्याळ बदलता येते किंवा बंद ठेवता येते. म्हणून घड्याळाची साक्ष पेडलांकडून तपासावी. घड्याळ थोडे तास दाखवीत असेल आणि पेडलांचे रबर झिजून लोखंड दिसत असेल, तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही.

स्टिअरिंग हलवून ते किती मोकळे फिरते ते पाहावे. पुढचा आस जॅकवर उचलून चाके हलवावीत. हुकाचे भोक गोल आहे की झिजून लांबट झाले आहे, पिन जाड आहे की बारीक पडली आहे, वेल्डिंगच्या ताज्या खुणा कोठे रंगाखाली लपविल्या आहेत, हे बारकाईने पाहावे. वाळू किंवा विटा ओढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक व मागचा आस अधिक झिजलेले असण्याचा संभव असतो.

शेवटची परीक्षा आजोबांची : जुंपून पाहणे. भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर चढावर न्यावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. ओढ पडताच गिअर निसटून बाहेर येतो, तर गिअरपेटीचे काम निघणार. मग मोकळ्या व सपाट जागी, अगदी मंद वेगात, ब्रेक दाबून पाहावा. ट्रॅक्टर एका बाजूस ओढला गेला, तर दोन्ही ब्रेक सारखे नाहीत. जो विक्रेता भरली ट्रॉली जोडू देत नाही, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच असते.

ट्रॉलीकडेही दुर्लक्ष करू नये. तिचा दांडा, कमानीचे पाटे, आस आणि बेअरिंग तपासावेत. मागील बाजूस लाल परावर्तक हवेतच. रात्री रस्त्याच्या कडेला उभी असलेली अंधारी ट्रॉली ही मागून येणाऱ्यासाठी भिंतच असते. कापसासारखा हलका माल उंच रचला की ट्रॉली लवकर कलंडते, हेही लक्षात असावे.

कागदांची पारख

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आपली सोयरीक, भाषा आणि बाजार मात्र आजही सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत. म्हणून काटोल, नरखेड, वरूड या बाजूंचे जुने ट्रॅक्टर आपल्याकडे सहज येतात. 'एम. एच. ४०' म्हणजे नागपूर ग्रामीण, 'एम. एच. २७' म्हणजे अमरावती आणि 'एम. पी. २८' म्हणजे छिंदवाडा. यंत्राला सीमा नसते, पण त्याच्या कागदाला असते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातील वाहनासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज २८ क्रमांकाच्या नमुन्यात असतो. विकल्याची सूचना २९ क्रमांकाच्या व मालकी आपल्या नावावर करण्याचा अर्ज ३० क्रमांकाच्या नमुन्यात द्यावयाचा असतो. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांच्या आत, परराज्यात ४५ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत कळवावयाचे असते. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिले, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. पुस्तकात बँकेचा बोजा असेल, तर तो ३५ क्रमांकाच्या नमुन्याने उतरविल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कारण कर्ज दुसऱ्याचे असले, तरी जप्तीला येणारे लोक ट्रॅक्टर जेथे उभा असेल तेथे येतात.

इंजिन व चासी यांवर कोरलेले क्रमांक स्वतः पुस्तकाशी ताडून पाहावेत. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीही मोटार वाहनच असल्यामुळे तिचीही नोंदणी तपासावी. विमा चालू आहे ना, हे पाहून तो १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. आणि नावावर झालेली नसताना गाडी वापरू नये. अपघात झाला, तर खरा मालक कोण, हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो.

शेवटी

त्या पालकांचा पहिला सौदा मोडला. बोजा उतरवून देण्याचे आश्वासन मिळाले, परंतु कागद काही आला नाही. दरम्यान आंबियाचा माल भाड्याच्या गाडीने गेला आणि त्यात काही पैसे गेले. मृग बहाराच्या तोडणीपूर्वी त्यांना आपल्याच भागातील एक ट्रॅक्टर मिळाला. तो रंगाने उडालेला होता, घड्याळावर तासही अधिक होते, पण धूर स्वच्छ होता आणि भरली ट्रॉली जोडून चढावर नेण्यास मालकाने स्वतःच सुचविले. ब्रेकचे काम आधी करून घेतले, नाव बदलले, आणि मगच तो शेतात आला. दागिने सुटले नाहीत अजून. पण दर महिन्याचा हप्ता वेळेवर जात आहे, असे मुलगा सांगतो.

पालकांनी ट्रॅक्टर आणला त्या दिवशी आम्ही एकच मागणे मागितले. बागेत जाताना मुले ट्रॉलीच्या दांड्यावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसतात, हे आपण रोज पाहतो. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. दांड्यावरून घसरलेले मूल ट्रॉलीच्या चाकाखालीच जाते, आणि २३ मीटरांचा हिशेब तर वर मांडलाच आहे. विद्यार्थी मित्रहो, घरी ट्रॅक्टर असो वा नसो, हे मागणे तुमच्याकडेही आहे. घरात कोणी जुना ट्रॅक्टर घेण्याचे ठरवीत असेल, तर त्यांच्या पिशवीतले कागद तुम्ही वाचून दाखवा, फळ्यावरचा हिशेब तुम्ही करून दाखवा. शाळेत शिकलेली विद्या घरच्या उंबरठ्याच्या आत नेण्याची याहून चांगली संधी आम्हाला तरी ठाऊक नाही.